नानांना ट्रिगर पसंत पडेना

नाना दुकानाची पायरी चढताना दिसले की मी आधी चहा सांगायचे, कारण आता ते लवकर हलणार नाहीत हे ठरलेलं असायचं. बाकीची गिऱ्हाइकं यायची, रोल घ्यायची, सेल घ्यायची आणि गाडीवर बसून जायची. नाना काउंटरवर आपला रुमाल पसरायचे, त्यावर जुनी फ्लॅशगन ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "काढ गं, नवीन काय आलंय ते. आज ट्रिगर घेऊनच जातो."

असं ते दर खेपेला म्हणत आणि दर खेपेला रुमाल झटकून रिकाम्या हातानं जात. नाशकात ट्रिगर यायला लागले तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं आमचं हे चाललं होतं. आता नाना कळवणला मुलीकडे असतात आणि कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. मीही दुकान आवरतं घेतलंय. पण दुपारच्या वेळी पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला की अजून मी चहावाल्याकडे बघते.

फोटोच्या धंद्यात नसलेल्यांना ट्रिगर म्हणजे काय ते सांगायला हवं. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला की उजेड समोरून येतो. तो बाजूला, लांब ठेवायचा असेल तर कॅमेऱ्यानं त्याला "आता पेट" म्हणून कळवायला लागतं. पूर्वी हे कळवणं वायरीतून व्हायचं. पुढे रेडिओवर चालणाऱ्या काडेपेटीएवढ्या दोन डब्या निघाल्या, एक कॅमेऱ्यावर लावायची, दुसरी, म्हणजे रिसीव्हर, फ्लॅशखाली. फ्लॅश स्टँडवर चढवला की काम झालं, वायर नको आणि फ्लॅश धरायला माणूसही नको. नानांचं घोडं अडलं होतं ते इथेच. त्यांचा फ्लॅश धरणारं माणूस म्हणजे त्यांची बायको, आमच्या काकू.

नाना लग्नाचे फोटो काढायचे. पंचवटीत त्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता, पण तो बहुतेक बंदच असायचा. माणसाला स्टुलावर बसवून फोटो काढण्यात त्यांना रस नव्हता. लग्नात मात्र ते रंगायचे. समोरून फ्लॅश मारायचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "समोरून उजेड मारला की नवरी पासपोर्टला बसल्यासारखी दिसते," असं ते नवरीच्या बापालाच ऐकवायचे. उजेड बाजूनं आला पाहिजे, जरा वरून आला पाहिजे, एका गालावर पडून दुसऱ्या गालाला थोडा अंधार ठेवला पाहिजे, मग तो चेहरा होतो. नाशकात बाजूनं उजेड मारणारा आपण एकटा, असं त्यांचं ठाम मत होतं आणि एक काळ ते खरंही होतं.

ते कधी कोणाला "हसा" म्हणाले नाहीत. नवरी स्टेजवर आली की कॅमेरा खाली धरून विचारायचे, "सकाळपासून काही खाल्लंस का?" बहुतेक जणींनी खाल्लेलं नसायचं. ते सांगताना त्यांचा चेहरा जो सैल पडायचा, तेवढ्यात नानांचा फोटो झालेला असायचा. एकदा एका नवरीनं सांगितलं की सकाळपासून पोटात काही नाही, तर हे गृहस्थ कॅमेरा गळ्यात टाकून स्वयंपाक्याकडे गेले आणि वाटीभर शिरा घेऊन आले. तिनं तो खाईपर्यंत गुरुजी, वरपक्ष, बँडवाले सगळे ताटकळत उभे. वरबाप चिडला तेव्हा नाना म्हणाले, "साहेब, फोटो जन्मभर राहणार. उपाशी चेहऱ्याचा कशाला काढू?"

माझ्याशी त्यांची ओळख झाली तीसुद्धा अशीच. वडिलांनंतर मी दुकानात बसायला लागले तेव्हा मेन रोडच्या बोळात कॅमेऱ्याच्या काउंटरमागे बाई हे लोकांना पचत नव्हतं. "कोणी माणूस नाही का?" असं तोंडावर विचारायचे. नानांनी तसं विचारलं नाही. त्यांनी फ्लॅशगन पुढे केली आणि म्हणाले, "हिचा सॉकेट कशानं साफ करशील?" मी म्हटलं, "पेन्सिलीच्या खोडरबरानं." त्यांनी मान डोलावली आणि तेव्हापासून मला अगं-तुगं करायला लागले.

काकू या कामात कशा आल्या ते त्यांनीच मला सांगितलं होतं. दोघांचं लग्न नवीन होतं. नानांचा मदतनीस एका मुहूर्ताला आलाच नाही. काकू त्या लग्नाला जेवायला म्हणून गेलेल्या. नानांनी त्यांना बोलावलं आणि फ्लॅश हातात देऊन म्हणाले, "हे जरा धर."

"त्या 'जरा'मधी माझा अख्खा संसार गेला गं," काकू हसत सांगायच्या. मखमलाबादच्या मळेवाल्यांची लेक ती, फुलांचे भारे उचलून दंड कणखर झालेले. फ्लॅश डोक्याच्या वर धरून तासन् तास उभ्या राहायच्या. कॅमेऱ्यापासून फ्लॅशपर्यंत वायर असायची आणि दोघांचं सगळं बोलणं त्या वायरीवर चालायचं. नानांनी हलकी ओढ दिली की काकू पुढे यायच्या. वायर सैल सोडली की मागे. झटका दिला की फ्लॅश वर. घरून भांडून आलेले असले की काकू मुद्दाम लांब जाऊन वायर ताणून धरायच्या, मग नाना चुपचाप स्वतःच दोन पावलं सरकायचे. हे सगळं भर मांडवात चालायचं आणि कोणाला पत्ता लागत नसे.

मधल्या काळात, रेडिओचे ट्रिगर यायच्या आधी, मी नानांना एक स्लेव्ह दिला होता. ही एक इवलीशी वस्तू असते, समोर कुठलाही फ्लॅश चमकला की ती आपल्या फ्लॅशला पेटवते. काकूंना सुट्टी मिळेल म्हणून मी आग्रहानं दिला. नानांनी तो देवळ्याला एका कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरच्या लग्नात लावला. त्या सुमाराला घरोघरी छोटे कॅमेरे आलेले. जो तो पाहुणा पुढे येऊन चमकवायचा आणि त्या प्रत्येकाबरोबर नानांचा फ्लॅशही पेटायचा. शेवटी नाना स्टेजवर उभे राहिले आणि गुरुजींच्या हातातला माईक घेऊन म्हणाले, "अक्षता पडेपर्यंत कोणीही फ्लॅश मारायचा नाही. ज्याला मारायचाय त्यानं बाहेर उसात जाऊन मारावा." नवऱ्या मुलाचे काका अंगावर धावून आले. काकू मध्ये पडल्या म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी तो स्लेव्ह माझ्या काउंटरवर आपटून नाना म्हणाले, "हा कोणाचंही ऐकतो. मला फक्त माझं ऐकणारं पाहिजे."

"म्हणजे काकूच," मी म्हटलं.

"मग काय!" नाना म्हणाले. त्यांना त्यात काही टोचलंच नाही.

पुढे काकूंना धाप लागायला लागली. दोन जिने चढल्या की भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं की फार वेळ उभं राहायचं नाही, आणि हात वर धरून तर मुळीच नाही. बाकी सगळं चालेल असं ते म्हणाले, पण काकूंचं काम तेवढंच होतं.

नेमके तेव्हाच रेडिओचे ट्रिगर बाजारात आले. ते आल्याचं कळलं त्याच संध्याकाळी नाना माझ्याकडे आले, रुमाल पसरला, आणि आमची ती निवडानिवड सुरू झाली. आधी मला वाटलं की बायकोच्या काळजीनं इतकं पारखून घेतायत. पहिला नाकारला, कारण त्याचा लाल दिवा लुकलुकतो आणि नवरी दिव्याकडे बघेल. दुसरा नाकारला, कारण त्याला लागणारा बारीक सेल हरसूलच्या बाजारात मिळणार नाही.

"नाना, हरसूलचं लग्न तुम्हाला केव्हातरी एकदा मिळतं," मी म्हटलं.

"पण मिळतं ना?"

तिसरा त्यांच्याच फ्लॅशगननं जाळला. जुन्या गन फार जोराचा झटका देतात, तो त्या नाजूक डबीला सोसला नाही. नाना उलट खूश झाले. चौथ्यानं फोटोच्या कडेला काळी पट्टी यायची, कारण निरोप पोहोचेपर्यंत कॅमेऱ्याचा पडदा मिटायला लागलेला असायचा. पट्टी इतकी बारीक होती की मला भिंगातून बघावी लागली. लोडशेडिंग चालू झालं की समोरचा कापडवाला जनरेटर लावायचा. निरोप तरीही पोहोचतो का ते बघायला नाना मला रिसीव्हर घेऊन त्या जनरेटरला खेटून उभं करायचे आणि स्वतः बोळाच्या टोकाला जाऊन बटण दाबायचे. कधी भाजीच्या हातगाडीमागे, कधी लोखंडी शटर अर्धं ओढून. एकदा ओल्या सतरंजीखाली रिसीव्हर ठेवून बघितला, कारण मांडवात कोणी पाणी सांडलं तर? येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. मला हसूही यायचं आणि हळूहळू रागही यायला लागला, कारण या सगळ्या दिवसांत लग्नाच्या प्रत्येक तिथीला काकू फ्लॅश धरून उभ्याच होत्या.

"दुसरा माणूस तरी ठेवा," मी एकदा म्हटलं.

"ठेवला होता. त्याला वायरीचं काही कळत नाही. ओढली तर मागं वळून 'काय?' म्हणून ओरडतो."

"नाना, काकूंचे हात थरथरतात. मी बघितलंय."

त्यावर त्यांनी पिशवीतून अल्बम काढला आणि माझ्यापुढे उघडला. "दाखव कुठं थरथर दिसते. फ्लॅशचा उजेड इतका झटक्यात येऊन जातो की हात कितीही हलला तरी फोटोत ते उतरत नाही. दाखव ना."

खरंच दिसत नव्हती. एकापेक्षा एक सुंदर चेहरे होते, बाजूच्या उजेडातले. तो अल्बम त्यांच्या तोंडावर मारावा असं मला वाटलं. माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड होतं. काकूंच्या गोळ्या ते घड्याळ लावून द्यायचे, भाजी आणायचे, रात्रीचे कपडे धुवायचे. फक्त लग्नात ती बाजूला नाही, हे त्यांना डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. एकदा चहा पिताना त्यांच्या तोंडून निघूनच गेलं. "ती तिकडून बघत असते ना, म्हणून मला इकडून दिसतं. डबीला काय दिसणारे?"

एके दिवशी काकू एकट्याच आल्या. माहेरी जाऊन आल्या होत्या, माझ्यासाठी पिशवीत मळ्यातली वांगी आणि शेवंतीची फुलं होती. स्टुलावर बसल्यावर बराच वेळ नुसता श्वास घेत राहिल्या.

"तू त्यांना एखादा पास करायला लाव ना गं," त्या म्हणाल्या.

"काकू, दुकानात होते नव्हते ते सगळे दाखवले."

"मग खोटं सांग. म्हण, हा लय भारी हे, परदेशातून आलाय. तुझं ऐकतात ते."

"माझं? माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

काकू हसल्या. मग पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "मला काय लय आराम करायचाय असं नाय. मला एकदा लग्नात खुर्चीवर बसायचंय. पाहुण्यासारखं. हातात अक्षता घेऊन. इतकी लग्नं पाहिली मी, पण एकाला अक्षता टाकली नाय. दोन्ही हातांत फ्लॅश, टाकणार कशानं? लोक नवरा-नवरीवर टाकतात, त्या माझ्या डोक्यात पडतात. घरी जाऊन केस विंचरले की तांदूळ गळतात."

मला राहवलं नाही. "आणि मुलीच्या लग्नात?"

"तिच्या लग्नात पण फ्लॅशच धरला. बापाला दुसऱ्याचा उजेड चालंना. कन्यादान माझ्या थोरल्या जावेनं केलं. सगळे नावं ठेवत होते. पण फोटो बघ तिचे, कसे आलेत!" हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, त्यानं मला जास्त वाईट वाटलं.

मी नानांना खोटं सांगितलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी रुमाल पसरला तेव्हा काकू जे बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं, अक्षता आणि केसांतल्या तांदळांसकट. नाना फ्लॅशगन पुसत होते, ते थांबले.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

रुमालावर दोन ट्रिगर होते, त्यातला एक उचलून त्यांनी खिशात घातला. त्यानंतर मात्र त्यांनी त्या डबीचा पार पिट्ट्या पाडला. जनरेटर, शटर, लोखंडी खांब, गर्दी, ओली सतरंजी, उन्हात तापवून, अर्धवट संपलेल्या सेलवर. सगळ्यात ती उतरली. शेवटी येऊन म्हणाले, "चालेल." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

योगायोग असा की त्या डबीचं पहिलं लग्न आमच्याच घरातलं होतं. माझ्या मामेबहिणीचं. फोटो नानांनीच काढायचे असा मी हट्ट धरला होता. गंगापूर रोडवर एक लॉन्स घेतलं होतं. तिकडे एकाला लागून एक लॉन्स, मध्ये नुसता हिरव्या कापडाचा पडदा. गोरज मुहूर्त होता आणि पलीकडच्या लॉन्सवरही त्याच मुहूर्ताचं लग्न. इकडचा बँड कुठला आणि तिकडचा कुठला ते कळत नव्हतं.

काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. मी त्यांना पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. त्यांना बसायची सवयच नव्हती. पर्स मांडीवर घेतली, खाली ठेवली, परत घेतली. माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "हात कुठं ठेवू गं?" मग ताट घेऊन करवली आली. काकूंनी ओंजळ पुढे केली आणि अक्षता घेऊन मूठ घट्ट मिटली.

स्टेजवर काकू एरवी जिथे उभ्या राहायच्या बरोबर तिथे नानांनी स्टँड लावला होता. अधूनमधून त्यांचा डावा हात आपोआप वायर ओढायला जायचा आणि रिकामा परत यायचा. काकूंनीही ते बघितलं. "सवय मोडंल हळूहळू," त्या म्हणाल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि नानांनी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आतच फ्लॅश चमकला. नवरी दचकली. नानांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. पुन्हा चमकला. त्यांनी वरची डबी काढून फुंकर मारली, परत बसवली. ती हातात असतानाही तिकडे फ्लॅश पेटतच होता. कोणी बटण दाबत नव्हतं. पाहुणे हसायला लागले, गुरुजी मंगलाष्टक म्हणता म्हणता डोळे वटारत होते. असा पेटून पेटून फ्लॅश मंदावला आणि मग बंदच पडला. नाना डबीची बटणं दाबत होते, त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला खालून दिसत होता. इतक्या वर्षांत मांडवात घाबरलेले नाना मी पहिल्यांदाच बघत होते.

"संपला तो," काकू म्हणाल्या. "आता ती डबी काढल्याबिगर भरायचा नाय." आणि त्यांनी माझी ओंजळ ओढून आपल्या मुठीतल्या अक्षता तिच्यात ओतल्या. "धर. माझ्या वाटच्या तू टाक."

मी त्यांचा पदर धरला. "काकू, बसा तुम्ही. नाना बघतील काय ते."

"त्यांना बॅगेतली वायर सापडत नाय, ते काय बघतील!"

त्या गेल्याच. स्टेजच्या तीन पायऱ्या चढताना एकदा थांबल्या. बॅगेच्या कुठल्याशा कप्प्यातून वायर काढली, फ्लॅशखालची डबी उपटून बाजूला ठेवली, एक टोक फ्लॅशला लावलं, दुसरं नानांकडे फेकलं. नानांनी ते कॅमेऱ्याला लावलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. शेवटचं मंगलाष्टक निघालं तेव्हा काकूंनी फ्लॅश उचलून डोक्याच्या वर धरला. वायरीला हलकी ओढ बसली, काकू अर्धं पाऊल पुढे आल्या. "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, आणि फ्लॅश एकदाच चमकला, जेव्हा चमकायला हवा होता तेव्हाच. मी दोघींच्या अक्षता टाकल्या. बऱ्याचशा काकूंच्याच डोक्यावर पडल्या.

नंतर त्या स्टेजच्या पायरीवर बसून राहिल्या. ओठ निळसर दिसत होते. नाना पाण्याचा पेला घेऊन धावले. काकूंनी दोन घोट घेतले आणि विचारलं, "उजेड बरा पडला का?"

"पडला," नाना म्हणाले.

पंगतीला त्या थांबल्या नाहीत. माझ्या भावानं दोघांना गाडीनं घरी सोडलं. तो फोटो अजून माझ्या मामेबहिणीच्या हॉलमध्ये आहे. येणारा-जाणारा विचारतो की कोणी काढला.

त्याच लग्नसराईत काकू गेल्या. डॉक्टरांनी नानांना नीट समजावून सांगितलं की झडप आधीच निकामी होत आली होती, त्या दिवसाच्या उभं राहण्याशी याचा संबंध जोडू नका. मी तिथे होते. नानांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलेलं नाही हे मला दिसत होतं. मी त्यांना हाताला धरून दवाखान्याबाहेर आणलं, तर म्हणाले, "ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर उन्हात उभाय, त्याला पाणी विचार." तेरावा झाला. मुलगी कळवणला चला म्हणून मागे लागली होती.

मग एका दुपारी पायरीवर चपला वाजल्या. मी चहा सांगितला. नानांनी रुमाल पसरला, पण त्यावर फ्लॅशगनऐवजी ट्रिगरच्या त्या दोन डब्या ठेवल्या.

"परत द्यायला नाही आलो," ते म्हणाले. "मला फक्त कळायला पाहिजे. त्या दिवशी हिला झालं काय होतं? घरी रोज लावून बघतो. एकदाही चुकत नाही."

मी डबी उलटी केली आणि सेलचं झाकण काढलं. आत एका कोपऱ्यात मोहरीएवढ्या चार बटणांची ओळ होती. आम्ही दोघांनीही ती आधी बघितली होती, पण तो कारखान्याचा काहीतरी मामला असेल म्हणून सोडून दिली होती. बरोबरचा कागद चिनी भाषेत होता. मी कपाटातून त्याच जातीची, कॅमेऱ्यावर लावायची नवी डबी काढली. तिचीही चारी बटणं अगदी तशीच होती. मी नव्या डबीचं फ्लॅश पेटवायचं बटण दाबलं. नानांच्या रिसीव्हरचा दिवा लागला.

नाना खुर्चीत पुढे सरकले. मी पिनेनं त्यांच्या रिसीव्हरचं एक बारीक बटण खाली केलं आणि नवी डबी पुन्हा दाबली. दिवा लागला नाही. त्यांच्या कॅमेऱ्यावरच्या डबीचंही तेच बटण खाली केलं आणि ती दाबली. लागला.

"सगळे नग कारखान्यातून एकाच चॅनलवर येतात, नाना. तो बदलून घ्यायचा असतो. इथे कोणीच बदलत नाही."

"म्हणजे पलीकडच्या लॉन्सवरचा फोटोग्राफर..."

"त्यानंही माझ्याकडूनच नेला होता."

"तोपण बाजूनं उजेड मारतो?"

"आता सगळेच मारतात," मी म्हटलं. "तुमचे फोटो बघूनच शिकले सगळे."

एरवी हे ऐकून त्यांची छाती फुगली असती. ते पिनेकडे बघत होते. जनरेटरपासून ओल्या सतरंजीपर्यंत त्यांनी सगळं तपासलं होतं. शेजारी आपल्यासारखंच कोणी असेल, हे एवढंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. चहा आला, तसाच राहिला.

"किती वेळ लागला असता?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"हे करायला. तिथं. स्टेजवर."

मला दुसरं काही सुचलं असतं तर मी ते सांगितलं असतं. "काहीच नाही," मी म्हटलं. "आत्ता लागला तेवढाच."

नानांनी दोन्ही डब्या रुमालात बांधल्या.

"मग ती उगाच उठली," ते म्हणाले.